भिंतीचं पोट

गेले अडीच-तीन महिने इकडे फिरकलो नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. ब्लॉगर मित्रांनी मेल टाकून आणि नातेवाइकांनी थेट फोन करून चौकशी केली. त्या सगळ्यांना एकदमच सांगतो, आमचं आता ठीक आहे. सौ. वॉकर घेऊन घरभर हिंडते, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सूचनाही द्यायला लागली आहे. म्हणजे गाडी रुळावर आली असं समजायला हरकत नाही :)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: यंदा फेब्रुवारीत (२०२५) ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. कारण साबण नव्हे आणि पाणीही नव्हे. ती स्टुलावर बसून आंघोळ करत होती. मागच्या भिंतीवरच्या चार टाइल्स एकमेकींना धरून, फळी निसटावी तशा, सुटून खाली आल्या. आवाजाने ती दचकून उठली आणि पाय सरकला. त्या चार टाइल्स का पडल्या याचा शोध घेता घेता मी १९६७ सालापर्यंत आणि तिथून आणखी मागे जाऊन पोचलो. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, ती खोड काही जात नाही. तुम्हालाही थोडं फिरवून आणतो.

आमचं घर कराडातलं, आजोबांनी १९३६ साली बांधलेलं. विटा भाजक्या, पण जोडलेल्या मातीत, आणि वर चुन्याचा गिलावा. न्हाणी मागच्या अंगाला. हल्ली तिला बाथरूम म्हणतात, जागा मात्र तीच. माझ्या लहानपणी तिथे खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ आणि विसणाची बादली, भिंतीत शिकेकाई आणि वज्री ठेवायचा एक कोनाडा, एवढाच सरंजाम होता. टाइल्सचं नावही नव्हतं आणि गरजही नव्हती. माणूस पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेतो तेव्हा भिंतीवर उडून उडून किती पाणी उडणार? फार तर कमरेएवढं. तेवढ्या उंचीपर्यंत गिलावा चांगला घोटून गुळगुळीत केलेला असे, आणि दिवाळीच्या आधी दरवर्षी त्यावर चुन्याचा हात फिरे.

पुढे टाइल्स आल्या तेव्हा त्याही सुरुवातीला कमरेच्या वर फारशा चढल्या नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याही जुन्या फ्लॅटमध्ये जाऊन बघा, बाथरूममध्ये टाइल्सचा पट्टा तीन-चार फुटांवर थांबलेला दिसेल. गवंडी त्याला 'डॅडो' म्हणतात. बसून आंघोळ करणाऱ्या माणसांसाठी आखलेली ती उंची आहे. शॉवर आला तसं पाणी डोक्यावरून पडू लागलं, आणि टाइल्सही दाराच्या चौकटीइतक्या, सात फुटांपर्यंत गेल्या. आमच्याकडे १९९४ साली मी टाइल्स लावल्या त्या चार फुटांपर्यंतच. शॉवर बसवलाच नव्हता. 'कशाला हवाय पाऊस घरात?' असं तेव्हा मीच म्हणालो होतो.

आता डॉक्टरांनी सांगितलं, उंच खुर्ची, हातात धरायचा शॉवर, आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी धरायला स्टीलच्या दांड्या. म्हणजे भिंत अशी हवी की माणसाने सगळा भार टाकला तरी दांडी उपटून हातात येऊ नये. सौ. पुण्याला लेकीकडे राहायला गेली आणि इकडे मी काम काढलं.

गवंडी म्हणून जो आला तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. सातवीत असताना इतिहासाच्या तासाला झोपायचा, हे त्यानेच मला सांगितलं. आल्या आल्या त्याने छन्नीच्या मागच्या टोकाने उरलेल्या टाइल्स एकेक करून वाजवल्या. दुकानात मडकं वाजवून घेतात ना, अगदी तसं. पंधरा-वीस टाइल्स खणखणीत बोलल्या, बाकी सगळ्या बद्द. "सर, ही टाइल नाही सुटली. टाइल सिमेंटला धरूनच हाय. सिमेंट भिंतीला सोडून बसलंय." पडलेल्या टाइल्स उलट्या करून बघितल्या, तर खरंच, पाठीला बोटभर जाडीचा गिलावा घट्ट चिकटलेला. मग त्याने वरून ओळंबा सोडला. छताजवळ दोरी भिंतीला टेकत होती, कमरेच्या उंचीवर भिंत दोरीच्या पुढे आलेली, आणि खाली पुन्हा आत. हिशेब केला तेव्हा पावणेदोन इंच भरले. "सर, भिंतीनं पोट काढलंय की ओ."

टाइल्स लावण्याआधी भिंत सरळ करायची, हे आज कुणीही सांगेल. पण भिंत सपाट असावी ही अपेक्षा कधीपासूनची? मला वाटतं, ती टाइलनेच आणली. माती आणि चुन्याच्या भिंतीला अंगची गोलाई असते. कोपऱ्यात हात फिरवून गोल केलेला असतो, मध्ये थोडा उंचवटा, कुठे खोलगट. रोज डोळ्यांसमोर असून ते कुणाला खुपत नाही, कारण सरळ रेघ नावाची वस्तू त्या भिंतीवर कुठेच नसते. त्यावर चौकोनी टाइल्सची एक ओळ लावा. लगेच एकीची कड वर, दुसरीची खाली, फटी तिरक्या, आणि कंदिलाच्या उजेडात ज्या भिंतीचं कौतुक झालं ती विजेच्या दिव्याखाली गुन्हेगारासारखी उभी!

चिकणमातीची टाइल पूर्वी स्वतःसुद्धा सरळ नसे. ओली माती साच्यात घालून भाजली की ती आकसते, वाकते. बिदरला महमूद गवानाचा मदरसा आहे, १४७२ चा. मुलांची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा तिथे समोरच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या-पिवळ्या चकाकत्या फरश्यांचे जेवढे तुकडे उरलेत ते पाहिले होते. १६९६ मध्ये तिथल्या दारूच्या साठ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग उडाला. पण जिथे भिंत शाबूत आहे तिथेही पुष्कळ फरश्या गळून नुसता गिलावा उघडा पडला आहे. 'सर, पाडल्या का पडल्या?' असं एका मुलाने विचारलं होतं. मी तेव्हा स्फोटाची गोष्ट सांगून वेळ मारून नेली. आता विचारलं असतं तर म्हणालो असतो, बाळा, टाइल पडते म्हणजे बहुतेक वेळा तिच्या पाठीमागचं काहीतरी सुटलेलं असतं.

सरळ, सारख्या मापाची टाइल ही इंग्लंडातली करामत. रिचर्ड प्रॉसर नावाच्या माणसाने १८४० मध्ये ओल्या मातीऐवजी जवळजवळ कोरड्या भुकटीवर यंत्राने दाब देऊन वस्तू घडवण्याचं पेटंट घेतलं. हर्बर्ट मिंटन या कारखानदाराने ते हेरलं आणि टाइल्ससाठी वापरलं. भुकटीत पाणी कमी, म्हणून आकसणं कमी, म्हणून वाकणंही कमी. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात (१८७२ मध्ये ते उघडलं तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) गेलात तर वर-खाली बघून झाल्यावर जरा पायाखालीही बघा, मिंटनच्या टाइल्स आहेत. तर एकदा टाइल सरळ झाल्यावर वाकडेपणाचा सगळा दोष भिंतीच्या माथी आला. तो तिथेच आहे अजून.

असो. आमच्या भिंतीकडे वळू. टाइल्स आणि त्यांच्या पाठचा गिलावा बिगाऱ्याने पहारीच्या टोकाने नुसता उचकला, तर मोठेमोठे पापुद्रे अलगद निघून आले. इनामगावच्या उत्खननात थर उलगडावेत तसे आमच्या न्हाणीचे थर उलगडत गेले. वरचा थर १९९४ चा, टाइल्स आणि त्यामागचा निव्वळ सिमेंटचा लेप. त्या खाली १९७९ चं सिमेंटचं प्लॅस्टर. त्या खाली चुन्याच्या सफेदीचे कितीतरी पदर, पोळीच्या पदरांसारखे. मग मूळचा चुन्याचा गिलावा, आणि तळाशी विटा नि माती.

१९७९ चं प्लॅस्टर मला चांगलं आठवतं, कारण त्याच्या सिमेंटसाठी तहसील कचेरीत मी तीन खेपा घातल्या होत्या. नव्या पिढीला हे सांगून पटत नाही, पण तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. लग्नाच्या पत्रिकेसारखा अर्ज जपून न्यायचा, घराचा नकाशा जोडायचा, आणि मागितल्या वीस पोत्यांपैकी सहा मंजूर झाली की आनंदाने घरी यायचं. उरलेलं काळ्या बाजारात. १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना सिमेंट-वाटपाशी जोडलेल्या देणग्यांच्या प्रकरणात, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पायउतार व्हावं लागलं. त्याच फेब्रुवारीत सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झालं आणि पूर्ण मोकळं व्हायला १९८९ उजाडलं. त्या टंचाईच्या काळात झालेलं बांधकाम गवंडी आजही हाताने ओळखतात. आमच्या प्लॅस्टरचा एक तुकडा माझ्या विद्यार्थ्याने दोन बोटांत धरून चुरडला, निम्मी वाळूच सांडली. "एकाला आठ असंल, सर. का धा?" सहा पोत्यांत सगळी मागची बाजू उरकायची म्हटल्यावर काय होणार!

पण त्याच्या मते वाळू हा दुय्यम गुन्हा. मुख्य चूक अशी की सफेदीचे पदर न खरवडता, चुन्याच्या गिलाव्यावर टाकी न लावता, सरळ वरून सिमेंट मारलेलं. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून खडबडीत करतात, नाहीतर मसाला वाटला जात नाही, सरकतो. भिंतीचंही तेच. शिवाय चुना मऊ, सिमेंट कडक. कुठल्याही गिलाव्यात वरचा थर खालच्यापेक्षा कडक नसावा, हा जुना नियम आहे. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. आजोबांच्या वेळचा चुना घाणीत मळलेला, त्यात गुळाचं नि हिरड्याचं पाणी, चार-चार दिवस भिजत ठेवलेला. तो भिंतीबरोबर थोडा हलतो. सिमेंटला हे जमत नाही. ते आवळून बसतं, ओल मागे कोंडते, आणि एक दिवस सगळा पापुद्रा सुटतो. गंमत बघा, आजोबांचं घर झालं त्याच १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली. पोरबंदरच्या कारखान्यातून तर १९१४ पासून सिमेंट निघत होतं. पण आमच्या न्हाणीच्या भिंतीला त्याचा स्पर्श व्हायला १९७९ उजाडलं, आणि झाला तोही असा.

आणि १९९४ च्या टाइल्स? तेव्हाच्या गवंड्याने मला विचारलं होतं, "जुनं प्लॅस्टर काढायचं का वरूनच लावू?" दोन दिवसांची मजुरी वाचत होती. मुलीच्या शिक्षणाचे दिवस होते. "वरूनच लावा," मी म्हणालो. हे सौ.ला अजून सांगितलं नव्हतं. आता ती हे वाचेल तेव्हा कळेल.

पोटाच्या जागचा पापुद्रा निघाला तेव्हा मी अंगणात चहा घेत होतो. आतून हाक आली, "सर, जरा या इकडं. कायतरी लिवलंय."

सफेदीवर, छातीच्या उंचीला, भिंतीतून तिरकी वर जाणारी एक बारीक भेग होती. भेगेच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारलेली आणि शेजारी तारीख: १४-१२-६७. तिथून दोन बोटं वर दुसरी रेघ: २-१-६८. त्याच्या वर अर्ध्या बोटावर तिसरी, १०-३-६८. त्यानंतर त्याच तिसऱ्या रेघेशेजारी एकाखाली एक तारखा, जून ६८, डिसेंबर ६८, डिसेंबर ६९, आणि शेवटी १-५-७२. अक्षर अण्णांचं, माझ्या वडिलांचं. त्यांचा सात वर पोट फोडून काढलेला असायचा, तो लाखात ओळखू येतो.

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मी सतरा वर्षांचा होतो. सप्टेंबरातही एक मोठा धक्का बसून गेला होता, त्यामुळे भूकंप हा शब्द घरात नवा नव्हता, पण हे काही वेगळंच होतं. अण्णा नेहमीप्रमाणे बंब पेटवायला उठलेले. आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग फडताळातली भांडी, मग कौलं. अण्णा न्हाणीतून ओरडले, "अंगणात या, अंगणात!" आईने माझ्या धाकट्या बहिणीला पांघरुणासकट उचललेलं मला अजून दिसतं. बाहेर आलो तेव्हा अण्णांच्या डोक्यावर, खांद्यावर चुना पडलेला. उजाडल्यावर कोयनानगरच्या बातम्या येऊ लागल्या. गावच्या गाव बसलं होतं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण त्याच्याही उंच भागांत आडव्या भेगा पडल्या आणि पुढे मागून आधार देऊन ते मजबूत करावं लागलं. धक्के चालूच होते. आम्ही कित्येक रात्री अंगणात, मार्गशीर्षाच्या थंडीत, गोधड्या घेऊन काढल्या.

पुढे शिकवताना या भूकंपाबद्दल बरंच वाचलं. शिवाजीसागरात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि त्यानंतर या भागात धक्के सुरू झाले. धरणाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते, याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण म्हणजे आमचं कोयना. याच अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि कोयनेच्या खोऱ्यात थेट तीन किलोमीटर खोल विवर घेऊन खडकाच्या पोटात काय चाललंय ते बघतात.

अण्णांकडे विवर नव्हतं, पेन्सिल होती. ते पोस्टात कारकून होते, बांधकामातलं त्यांना काही कळत नव्हतं. कुणी शिकवलं होतं की स्वतःच सुचलं, ते आता कोण सांगणार? भेग कुठपर्यंत गेली आहे तिथे रेघ मारायची, तारीख घालायची, आणि पुढच्या खेपेला बघायचं. आम्हाला घरात परत झोपायला त्यांनी कधी दिलं ते मला आठवत होतं, होळी झाल्यावर. तोपर्यंत मागच्या दोन खोल्यांत जायला बंदी होती आणि आम्ही पुढच्या सोप्यात दाटीवाटीने झोपत होतो. बंदी का उठली हे मी कधी विचारलं नव्हतं. उत्तर भिंतीवर होतं. दहा मार्चनंतर भेग वाढली नव्हती.

आमचा एक पुतण्या सिव्हिल इंजिनियर आहे. त्याला बोलावलं होतं, कारण पोट आलेल्या भिंतीवर टाइल्सचं ओझं चढवावं की भिंतच उतरवावी, हा प्रश्न होता. तो आला, बॅटरी लावून भेग बघितली, बोटाने चाचपली, मग अण्णांच्या तारखा वाचल्या आणि हसायला लागला. "काका, आजोबांनी माझं अर्धं काम करून ठेवलंय." भेगेचं टोक आजही त्या तिसऱ्या रेघेवरच होतं. सत्तावन्न वर्षांत एक केसभरही पुढे नाही. म्हणजे पोट जुनं, त्या पहाटेचं, आणि भिंत तेव्हापासून स्वस्थ. भिंत उतरवायची गरज नाही, असं त्याने सांगितलं. फक्त पाणी आत जाता कामा नये. मातीत जोडलेल्या विटा ओल्या झाल्या की मग खरं नाही.

इथवर सगळं छान होतं. पुढे पंचाईत झाली.

पुतण्याने दोन मार्ग दिले. एक, जुन्या भिंतीला हातच न लावता तिच्यापुढे चार इंची विटांची नवी भिंत उभी करायची, ओळंब्यात, आणि टाइल्स तिच्यावर लावायच्या. अण्णांचं अक्षर मागे जसंच्या तसं राहील. दुसरा, सफेदी आणि चुन्याचा गिलावा विटांपर्यंत काढून टाकायचा, आणि भिंत तिथूनच नव्याने सरळ करत आणायची. मला अर्थातच पहिला मार्ग पसंत. बाथरूमची रुंदी चार फूट नऊ इंच. मी टेप घेऊन खडूने नव्या भिंतीची रेघ जमिनीवर आखली, प्लॅस्टर-टाइलसकट सहा इंच. मग उंच खुर्ची ठेवली आणि सौ.चा वॉकर आणायला नाही म्हणून त्याच मापाची लाकडी घडवंची फिरवून बघितली. घडवंची वळेना. पुन्हा ठेवली, तिरकी केली, खुर्ची कोपऱ्यात ढकलली. वळेना. गवंडी दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही.

"तेवढाच चौकोन सोडून बाकी टाकी लावली तर?" मी विचारलं.

"लावतो की. पण टाइल सुटली तर पयली तितलीच सुटंल, सर."

रात्री पुण्याला फोन केला. सगळं सांगितलं, तारखा वाचून दाखवल्या. सौ. बराच वेळ गप्प होती. अण्णांना तिच्या हातचा चहा लागे, त्यांचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं. मग म्हणाली, "फोटो काढून ठेवा चांगला. आणि लावा टाकी." थोडं थांबून म्हणाली, "अण्णा असते तर एव्हाना लावून मोकळे झाले असते."

फोटो काढले. लेकीने सांगितल्याप्रमाणे शेजारी पट्टी धरूनही काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी बिगाऱ्याने सुरुवात केली तेव्हा मी भाजी आणायला गेलो. भाजी आदल्या दिवशीच आणलेली होती.

पुढचं काम मात्र मी रोज बसून बघितलं, आणि ते बघण्यासारखं होतं. आधी विटांच्या मधली माती इंचभर खोल कोरून दर्जा मोकळ्या केल्या. पोटाच्या जागी ज्या विटा फारच पुढे आल्या होत्या त्यांच्या कडा छाटल्या. भिंत ब्रशने झाडली, ओली केली, आणि पातळ सिमेंट-वाळूचा शिडकावा थापीने असा मारला की भिंतीला देवी आल्यासारखे खडबडीत फोड उठले. त्यावर कोंबड्याच्या खुराड्याला लावतात ती जाळी ठोकली. मग ठिय्ये. ठिय्ये म्हणजे गिलाव्याचे छोटे गोळे भिंतीवर जागोजागी लावायचे, त्यांत टाइलचा तुकडा बसवायचा, आणि वरचा तुकडा नि खालचा तुकडा ओळंब्यात आणायचे. भिंत किती वाकडी आहे ते विसरून आता ती किती सरळ व्हायची आहे, याच्या या खुणा. पोटाच्या जागी ठिय्या जेमतेम अर्धा इंच जाड होता, छताजवळ दोन इंचांच्या वर. एवढी जाडी एका दमात भरली तर स्वतःच्या वजनाने खाली येते, म्हणून तीन थर, मध्ये दिवस सोडून, आणि जिथे फार खोल तिथे मसाल्यात विटांच्या चिपा दाबून. एकाला चार. या वेळी सिमेंटला परमिट नव्हतं, पण नदीची वाळू नव्हती. कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहून आम्ही खडी दळून केलेली वाळू विकत आणतो. चालायचंच.

कोपऱ्याचा काटकोन त्याने गुण्याने बघितला आणि वर टेपनेही पडताळला. एका भिंतीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची, आणि खुणेपासून खुणेपर्यंत पाच फूट भरले पाहिजेत. "हे कुठं शिकलास?" "बापाकडं." मी त्याला सांगितलं की हे बौधायनाच्या शुल्बसूत्रांतही आहे, यज्ञाच्या वेदीसाठी. "मग ते पण गवंडीच म्हणायचं," असं म्हणून त्याने तंबाखू मळली.

आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. ते काम माझं, झारी घेऊन. सुकल्यावर ओल अडवणाऱ्या लेपाचे दोन हात, कोपऱ्यांत जाळीची पट्टी घालून. टाइलला पाण्याची भीती नसते, मधल्या फटींतून पाणी आत जातंच, ते या लेपाने अडायचं. मोहेंजोदडोचं महास्नानगृह मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल! घट्ट बसवलेल्या विटा, जिप्समचा मसाला, असं फळ्यावर लिहायचो. विटांच्या भिंतीच्या मागे डांबराचा इंचभर थर आहे, हेही लिहायचो, पण पाठ झालेलं वाक्य म्हणून. तो डांबराचा थर आत का होता, वरून का नाही, हे मला चार हजारांहून अधिक वर्षांनी कराडात, झारी हातात धरून कळलं.

टाइल्स लावताना त्याने भिंतीवर दातेरी थापीने रेघोट्या ओढल्या आणि टाइलच्या पाठीवरही लेप दिला. १९९४ ला पाठीवर पाच गोळे ठेवून टाइल दाबली होती, मध्ये पोकळी. सात फुटांपर्यंत, फिकट राखी रंगाच्या. सगळ्या झाल्यावर मी छन्नीच्या मागच्या टोकाने एकेक वाजवत गेलो. गवंडी हसत होता, पण त्याने मला थांबवलं नाही. एक बद्द निघाली, खिडकीखालची. काढून पुन्हा लावली.

सौ. एप्रिलच्या अखेरीला घरी आली. पहिल्या दिवशी दांडीला धरून उभी राहिली, भिंतीवर तळहात टेकवला, आणि म्हणाली, शॉवरच्या पाण्यात विसण कसं घालायचं ते मला आधी दाखवा.

ती भेग भिंतीच्या आरपार आहे. पलीकडे माजघराच्या बाजूला अजून जुना चुना आहे आणि कपाटामागे भेगेचं टोक दिसतं. पुतण्या म्हणाला होता, मागच्या बाजूला नवा बोजा चढलाय, तेव्हा लक्ष ठेवा. कपाट सरकवून टोकाशी पेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख घातली, ४-५-२५. पुढची खेप दिवाळीला.